संकोचाचे व्याज

घरातील कर्त्या पुरुषाचा खोकला आठ दिवस थांबला नाही, तर सारे घर त्याच्या मागे लागते. साखर वाढली, गुडघा दुखू लागला, मोतीबिंदू पिकला, या गोष्टी दुकानातील मुनीमजींपासून परगावच्या व्याह्यांपर्यंत सर्वांना ठाऊक असतात. परंतु शरीराचा एक भाग असा आहे की, तेथे काही बिघडले तर मनुष्य ते पत्नीलाही सांगत नाही. डॉक्टरांसमोर बसूनही तो पित्ताची गोळी लिहून घेतो आणि मुख्य तक्रार मनातच ठेवून परततो. पुरुषाच्या जननेंद्रियाचा, म्हणजे शिश्नाचा कर्करोग हा असा न बोलला जाणारा आजार आहे.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या आजारात मौनामुळेच सर्वाधिक नुकसान होते, त्याची माहिती कुटुंबापर्यंतच पोचली पाहिजे, या भावनेने हा लेख लिहीत आहे. मी वैद्यकीय व्यवसायातील नाही; वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर आणि बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी आहे. औषधयोजना सांगण्याचा येथे हेतू नाही. हा आजार कसा सुरू होतो, कसा ओळखला जातो, त्यावर कोणते उपचार होतात आणि यात वेळेला एवढे मोल का आहे, इतकेच समजून घ्यायचे आहे.

दुर्मीळ खरा, पण आपल्याकडे तितका नव्हे

युरोप-अमेरिकेत या कर्करोगाचे प्रमाण दर लाख पुरुषांमागे वर्षाला जेमतेम एक इतके आहे. म्हणून तेथे तो अत्यंत दुर्मीळ मानला जातो. भारत, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेतील काही प्रदेश येथे मात्र चित्र वेगळे आहे. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे ३६,००० पुरुषांना हा आजार झाला आणि त्यांपैकी दहा हजारांहून अधिक रुग्ण एकट्या भारतातील होते. आपल्या देशातही शहरांपेक्षा ग्रामीण भागात याचे प्रमाण अधिक आढळते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करुग्णांची शास्त्रशुद्ध नोंदवही ठेवली जाऊ लागली. देशातील ग्रामीण भागासाठीची ती पहिली नोंदवही होय. अशा नोंदवह्यांमुळेच मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या आकड्यांत न दिसणारे आजार नजरेस येतात.

बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठी ओलांडलेले असतात. पण आपल्याकडे चाळिशीतील रुग्णही दुर्मीळ नाहीत. शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्णांत हा कर्करोग त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींपासून सुरू होतो. म्हणजे मुळात हा त्वचेचा रोग आहे आणि तोही बाहेरच्या त्वचेचा. यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग पोटात दडून वाढतो. तो उशिरा कळला तर दोष कोणाला द्यावा? हा रोग तर रोज स्नानाच्या वेळी स्वतःच्या डोळ्यांना दिसू शकतो. असे असूनही पहिली खूण दिसल्यानंतर सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ गेल्यावर अनेक रुग्ण डॉक्टरांकडे पोचतात. हीच या आजाराची खरी शोकांतिका आहे.

सुरुवात कोठे होते?

शिश्नाच्या टोकाचा भाग, म्हणजे शिश्नमुंड, एका सैल त्वचेने झाकलेला असतो. ही अग्रत्वचा सामान्यतः मागे सरकते व आतील भाग स्वच्छ करता येतो. काही पुरुषांत ती घट्ट असते किंवा उतारवयात घट्ट होत जाते. वैद्यकीय भाषेत याला 'फायमोसिस' म्हणतात. मग आतील भाग धुता येत नाही, मळ साचतो, जंतुसंसर्ग होतो आणि त्वचेचा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. साचलेला मळ स्वतः कर्करोग घडवतो असे आता मानले जात नाही. परंतु सततचा दाह निश्चितपणे धोक्याचा आहे. शिवाय त्वचा मागे सरकत नसेल तर आत काय चालले आहे, हे दिसतच नाही.

व्यापारी कुटुंबांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण मधुमेहाचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. दिवसभर गल्ल्यावर बैठक, जेवणाच्या अनियमित वेळा आणि चाळिशीनंतर लागलेली साखर ही आपल्या घराघरांतील कथा आहे. लघवीत साखर उतरू लागली की अग्रत्वचेखाली बुरशीचा संसर्ग वारंवार होतो, त्वचेला बारीक चिरा पडतात, त्या भरताना त्वचा आकसते आणि पूर्वी सहज मागे सरकणारी त्वचा सरकेनाशी होते. मधुमेहावरील काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्यांनाही असा संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, पण डॉक्टरांना त्रास अवश्य सांगावा.

दुसरे मोठे कारण म्हणजे 'एचपीव्ही' हा विषाणू. जगभरातील रुग्णांचा विचार केला तर सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठीत तो सापडतो आणि त्यातही सोळा क्रमांकाचा प्रकार सर्वाधिक. स्त्रियांमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी याच विषाणूचा संबंध असल्याचे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी दाखवून दिले आणि त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शारीरिक संबंधातून पसरतो, हे खरे. परंतु तो इतका सर्वत्र आढळतो की, त्याच्या नुसत्या असण्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे अन्यायाचे ठरेल. तो वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. आणि उरलेल्या निम्म्या रुग्णांत त्याचा संबंधच नसतो. घरात संशयाचे वातावरण निर्माण होईल या भीतीने अनेक जण आजार लपवतात, म्हणून ही गोष्ट पती आणि पत्नी दोघांनीही नीट समजून घ्यावी.

तिसरे कारण तंबाखू. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका वाढतो आणि तंबाखू चघळणाऱ्यांतही वाढतो, असे भारतात झालेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे सर्वांना माहीत आहे. तिची विषद्रव्ये रक्तावाटे इतक्या दूरच्या अवयवापर्यंत पोचतात, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

कर्करोगाआधीच्या खुणा

कर्ज बुडीत निघण्याआधी खात्यात काही लक्षणे दिसू लागतात. हप्ता दोन दिवस उशिरा येतो, उलाढाल मंदावते, खातेदार भेटण्याचे टाळतो. अनुभवी अधिकारी तेव्हाच जागा होतो. या आजारातही कर्करोग होण्याआधीची एक अवस्था असते आणि ती पुष्कळदा काही वर्षे टिकते. तेवढ्या अवधीत रोग पकडला तर तो कर्करोग होण्याआधीच संपवता येतो.

शिश्नमुंडावर किंवा अग्रत्वचेच्या आतील बाजूस मखमलीसारखा लाल, चकचकीत, कडा स्पष्ट असलेला चट्टा उठतो. तो फारसा दुखत नाही. फ्रान्सचे त्वचारोगतज्ज्ञ लुई क्वेरा यांनी १९११ साली त्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, बोस्टनचे जॉन बोवेन यांनी त्वचेवर इतरत्र उठणाऱ्या खवल्यांच्या चट्ट्याचे वर्णन केले. शिश्नाच्या दांड्यावरील त्वचेवर असा चट्टा आला की त्याला बोवेनचा रोग म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही एकच दिसतात. कर्करोगाच्या पेशी वरच्या थरात तयार झालेल्या असतात, पण त्यांनी खालचा पडदा ओलांडलेला नसतो. उपचार न केल्यास बोवेनच्या चट्ट्यापैकी शंभरात सुमारे पाच आणि क्वेराच्या चट्ट्यापैकी शंभरात तीसपर्यंत पुढे खऱ्या कर्करोगात बदलू शकतात, असे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे.

आणखी एक खूण पांढरी असते. 'लायकेन स्क्लेरोसस' या विकारात त्वचा चिनी मातीसारखी पांढरी, पातळ आणि ताठर होते, अग्रत्वचा घट्ट होते, लघवीचे छिद्र अरुंद होते व धार बारीक होते. हा विकार संसर्गजन्य नाही आणि त्यातील थोड्याच रुग्णांना पुढे कर्करोग होतो. परंतु ते कोण, हे आधी सांगता येत नाही. म्हणून त्यावर उपचार आणि नियमित तपासणी दोन्ही लागतात. याखेरीज तपकिरी फोडांचे पुंजके, फुलकोबीसारखे वाढणारे चामखीळ, न भरणारी जखम, हाताला लागणारा कठीणपणा, अग्रत्वचेखालून येणारा दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काहीही असले तरी ते दाखवून घेतलेच पाहिजे. यातील अनेक खुणा साध्या दाहाच्याही असू शकतात. पण साधे काय आणि धोक्याचे काय, हे ठरवणे आपले काम नव्हे.

लंडनच्या धुराड्यांतील धडा

लाजेमुळे निदान कसे चुकते, याचे जुने उदाहरण इंग्लंडचे आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत. अंगावरील काजळी वृषणाच्या त्वचेच्या घड्यांत साचून राही. मोठेपणी त्यांपैकी काहींच्या वृषणावर खरबरीत फोड उठे व त्याचा व्रण होई. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली लिहिले की, हा कर्करोग असून काजळी हे त्याचे कारण आहे. व्यवसायामुळे होणारा कर्करोग ओळखला गेल्याची ही पहिली नोंद समजली जाते. पॉट यांनी त्याच लेखनात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. जागा गुप्तांगाची असल्याने लोक आणि खुद्द वैद्यही तो गुप्तरोग समजत आणि त्यावर पारा देत. पाऱ्याने रोग जात नसे, उलट मौल्यवान काळ वाया जाई.

अडीचशे वर्षांनंतर पाऱ्याची जागा औषधाच्या दुकानातील मलमाने घेतली आहे, एवढाच फरक. 'खाज येते, काहीतरी द्या,' असे म्हटले की काउंटरवरून स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली ट्यूब मिळते. ती लावली की चार दिवस लाली कमी होते आणि मनुष्य निर्धास्त होतो. थांबवली की चट्टा पुन्हा उठतो. असे दोन-दोन वर्षे चालते. दरम्यान त्वचेचे मूळ रूप इतके बदलते की पुढे तज्ज्ञांनाही ओळखणे कठीण जाते.

एका ठेवपावतीची गोष्ट

बँकेत असताना घडलेला एक प्रसंग, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो. तालुक्याच्या बाजारपेठेतील एक धान्य व्यापारी आमच्या शाखेचे जुने खातेदार होते. मुदत संपण्यास चार महिने उरलेली ठेवपावती मोडण्यासाठी ते एके दिवशी आले. व्याजाचे नुकसान होईल, त्यापेक्षा पावतीवर कर्ज घ्यावे, असे मी सुचवले. त्यांनी केबिनचा दरवाजा लावून घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, ऑपरेशनला पैसे पाहिजेत. मुलांना सांगितलेले नाही. तुम्हीही बोलू नका."

मधुमेह बारा वर्षांचा. दोन वर्षांपासून त्वचा मागे सरकत नव्हती. आधी खाज, मग स्राव, मग आत कठीण गाठ. या सर्व काळात दुकानाशेजारच्या मेडिकलमधून आणलेल्या मलमाखेरीज काही नाही. जांघेत सुपारीएवढी गाठ आली तेव्हा ते चालताना दुखू लागले म्हणून डॉक्टरांकडे गेले. मी त्यांना इतकेच म्हणालो, "शेठजी, पैशाची सोय आपण आज करू, पण ऑपरेशनच्या कागदावर सही करायला घरचे माणूस लागेल. वहिनींना आजच सांगा." त्यांनी त्या रात्री पत्नीला सांगितले. पत्नीने रागावण्याऐवजी मोठ्या मुलाला बोलावून घेतले आणि तिसऱ्या दिवशी ते मुंबईला दाखल झाले. शस्त्रक्रिया दोन झाल्या, पुढे औषधोपचारही लांबले. ते त्यानंतर तीन वर्षे जगले. दोन वर्षे आधी ते आले असते, तर कदाचित अर्ध्या दिवसाच्या लहानशा शस्त्रक्रियेने काम भागले असते, असे त्यांच्या डॉक्टरांनी मुलाला सांगितले होते. त्यांचा मुलगा आज दुकान सांभाळतो. वडिलांचा आजार काय होता, हे तो विचारणाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगतो. मला त्याचे कौतुक वाटते.

निदान कसे होते?

प्रथम मूत्ररोगतज्ज्ञ म्हणजे यूरोलॉजिस्ट किंवा त्वचारोगतज्ज्ञ यांच्याकडे जावे. ते प्रत्यक्ष पाहतात, बोटांनी कठीणपणा चाचपतात आणि दोन्ही जांघा तपासतात. साधा दाह वाटला तर काही आठवड्यांचे औषध देऊन पुन्हा बोलावतात. त्या ठरलेल्या तारखेला जाणे अत्यावश्यक आहे. बरे वाटले म्हणून जायचे नाही आणि बरे वाटले नाही म्हणून डॉक्टर बदलायचा, या दोन्ही सवयी घातक आहेत.

चट्टा न गेल्यास त्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. हीच बायोप्सी. जागा बधिर करून ती काही मिनिटांत होते. 'सुरी लागली की कर्करोग पसरतो' हा समज निराधार आहे. उलट बायोप्सीविना उपचार सुरू करणे म्हणजे तारण न पाहता कर्ज मंजूर करणे होय. त्वचा मागे सरकतच नसेल तर ती कापून काढतात किंवा तिला छेद देऊन आतील भाग उघडा करतात आणि मग नमुना घेतात. त्या अहवालातून रोग वरच्या थरातच आहे की खाली उतरला आहे आणि पेशी किती आक्रमक आहेत, हे कळते. रोग खोल असल्याचा संशय असेल तर एमआरआय, जांघेसाठी सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार सीटी किंवा पेट स्कॅन करतात.

उपचार: अवयव वाचवण्याकडे कल

कर्करोग म्हटला की अवयव गेलाच, या धास्तीने पुष्कळ जण डॉक्टरांचे दारच टाळतात. वस्तुस्थिती तशी नाही.

रोग वरच्या थरातच असेल तर फ्लुरोयुरॅसिल किंवा इमिक्विमॉड ही विशिष्ट मलमे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे देतात. काही ठिकाणी लेसरने चट्टा जाळतात. रोग अग्रत्वचेपुरता असेल तर ती काढून टाकणे, म्हणजे सुंता, हाच उपचार होऊ शकतो. शिश्नमुंडाची फक्त वरची त्वचा सोलून तेथे मांडीची पातळ त्वचा बसवण्याची शस्त्रक्रियाही होते. लायकेन स्क्लेरोसससाठी आधी तीव्र स्टिरॉइड मलम ठरावीक काळ देतात. मात्र ते डॉक्टरांनी तपासून, मोजून दिलेले असते. दुकानातील ट्यूबशी त्याची तुलना करू नये.

लहान कर्करोगात गाठ व तिच्याभोवतीची थोडी निरोगी कडा काढतात. गाठीपासून दोन सेंटीमीटर निरोगी भाग कापलाच पाहिजे, असा पूर्वी दंडक होता. गेल्या काही दशकांच्या अनुभवानंतर सुयोग्य रुग्णांत काही मिलिमीटरची निरोगी कडाही पुरते, असे दिसून आले. त्यामुळे कितीतरी रुग्णांचा अवयव वाचू लागला. चार सेंटीमीटरपेक्षा लहान गाठीसाठी निवडक रुग्णांत किरणोपचारही देता येतो. रोग खोल गेला असेल तर टोकाचा भाग किंवा शिश्नाचा काही भाग काढावा लागतो. त्यानंतरही पुरेशी लांबी उरली तर उभ्याने लघवी करता येते आणि अनेकांचे वैवाहिक जीवनही चालू राहते. रोग फारच पसरलेला असेल तर संपूर्ण अवयव काढून वृषणामागे लघवीचा मार्ग तयार करतात. मग बसून लघवी करावी लागते, पण मनुष्य घर, दुकान, प्रवास सारे काही करू शकतो.

जांघेतील गाठींचे महत्त्व

हा कर्करोग पसरतो तो बहुधा ठरलेल्या वाटेने. प्रथम जांघेतील लसिकाग्रंथी, नंतर ओटीपोटातील आणि मग दूरचे अवयव. रुग्णाचे भवितव्य मूळ गाठीच्या आकारापेक्षा या ग्रंथींवर अधिक अवलंबून असते. ग्रंथींपर्यंत रोग पोचला नसेल तर पाच वर्षांनंतर दहापैकी सुमारे नऊ रुग्ण हयात असतात. तो ओटीपोटातील ग्रंथींपर्यंत गेला असेल तर दहापैकी एखाद-दुसराच. दिरंगाईची किंमत याहून स्पष्ट कोणत्या आकड्यांत मांडता येईल?

हाताला काही लागत नसले तरी खोलवर गेलेल्या गाठीच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत ग्रंथींमध्ये सूक्ष्म रोग असतो. सर्वांच्याच ग्रंथी काढाव्यात तर पायांना कायमची सूज, जखम न भरणे असे त्रास होतात. यावर पॅराग्वे या लहानशा देशातील शल्यचिकित्सक रामोन काबान्यास यांनी मार्ग शोधला. शिश्नातून निघणारा लसिकाप्रवाह प्रथम ज्या ग्रंथीत पोचतो, ती पहारेकरी ग्रंथी तपासली तर पुढचा अंदाज येतो, असे त्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केले. पुढे हीच कल्पना त्वचेच्या आणि स्तनाच्या कर्करोगात वापरली गेली आणि जगभरातील असंख्य स्त्रियांची मोठी शस्त्रक्रिया टळली. ज्या आजाराचे नाव घ्यायला लोक कचरतात, त्याच्या अभ्यासातून हे ज्ञान मिळाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जांघेत गाठ लागत असेल तर सुईने पेशी काढून तपासतात. 'संसर्गाची असेल, अँटिबायोटिक घेऊन दीड महिना पाहू,' अशी जुनी पद्धत होती. आता तितके थांबण्याचा सल्ला दिला जात नाही. रोग आढळल्यास दोन्ही बाजूंच्या ग्रंथींचा विचार करावा लागतो. गाठी मोठ्या किंवा चिकटलेल्या असतील तर आधी औषधोपचार, म्हणजे केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करतात.

हा आजार कमी आढळत असल्याने तो वारंवार हाताळणाऱ्या केंद्रात जाणे हिताचे असते. इंग्लंडने २००२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनंतर हे उपचार मोजक्या विशेष केंद्रांतच एकवटले. आपल्याकडे मुंबईतील १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहेच. गावाकडील डॉक्टरांकडे निदान झाले तरी उपचार ठरवण्यापूर्वी अशा कर्करोग रुग्णालयाचे मत घ्यावे.

खर्च, पाठपुरावा आणि मन

चट्ट्यावरचा उपचार आणि पसरलेल्या रोगावरचा उपचार यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर असते. पात्र कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार मिळू शकतात. ज्यांची मेडिक्लेम पॉलिसी आहे त्यांनी प्रस्ताव भरताना मधुमेह आणि जुन्या तक्रारी प्रामाणिकपणे लिहाव्यात. लपवलेली माहिती नेमकी दाव्याच्या वेळी अडचणीत आणते.

उपचारानंतर पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी करतात. अवयव वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी रोग पुन्हा उद्भवू शकतो. तो वेळीच दिसला तर बहुधा पुन्हा काढता येतो. म्हणून एकही तारीख चुकवू नये.

शरीराइतकेच मनही जपावे लागते. आपले पौरुष गेले, या विचाराने रुग्ण खचतो, एकलकोंडा होतो. पत्नीचे दोन शब्द आणि मुलांचे नेहमीसारखे वागणे यांचा येथे मोठा आधार असतो. कर्करोग स्पर्शाने होत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एका बिछान्यावर झोपल्याने तो पसरत नाही.

घरातील स्त्रिया आणि तरुण मुले

लायकेन स्क्लेरोसस स्त्रियांनाही होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. बाह्य जननेंद्रियाला सततची खाज आणि पांढरे चट्टे हे त्याचे लक्षण. 'वयाप्रमाणे होते' म्हणून सासू सुनेला सांगत नाही आणि सून सासूला विचारत नाही. अशा खुणा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाव्यात. पतीला एचपीव्हीशी संबंधित रोग आढळला असेल तर पत्नीने गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये.

एचपीव्हीवरील लस आता देशातच तयार होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक' लशीला २०२२ साली मान्यता मिळाली आणि २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली. ९ ते २६ वर्षे वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी ती आहे. पंधराव्या वर्षाआधी दोन, त्यानंतर तीन मात्रा घ्याव्या लागतात. विषाणूशी संपर्क येण्याआधी, म्हणजे किशोरवयात दिलेली लस सर्वाधिक उपयोगी पडते. मुलगे-मुली दोघांसाठीही आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावे.

उरलेली काळजी साधी आहे. मुलगा मोठा होऊ लागला की त्वचा हळुवार मागे सारून रोज पाण्याने धुण्याची सवय वडिलांनी त्याला लावावी. लहान मुलात मात्र त्वचा ओढाताण करून मागे सारू नये. साखर आटोक्यात ठेवावी, तंबाखू सोडावी. मोठ्या वयात त्वचा घट्ट होऊ लागली तर दाखवावे.

शेवटी एक छोटा नियम. लाल किंवा पांढरा चट्टा, फोड, जखम, गाठ किंवा स्राव दोन आठवड्यांत गेला नाही, तर तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांपुढे बसावे आणि पहिल्याच वाक्यात तक्रार सांगावी. दिवाळीचा सीझन, मुलीचे लग्न, आयकराची तारीख यांपैकी कशासाठीही ते पुढे ढकलू नये. आणि घरच्यांनी, कर्ता पुरुष न्हाणीघरात जास्त वेळ लावू लागला, कपड्यांवर डाग दिसले, तो उगाच चिडचिड करू लागला, तर त्याला एकांतात, प्रेमाने विचारावे. सांगायला त्याला कोणीतरी विचारावे लागते, एवढेच.